खोडदच्या तबकड्या आणि उशिरा पोहोचणारे ठोके

प्रश्न : आम्ही नारायणगावच्या बाजूचे, त्यामुळे खोडदच्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या लहानपणापासून पाहत आलो आहोत. गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींच्या, शोधात या दुर्बिणीचा वाटा असल्याच्या बातम्या २०२३ च्या जूनमध्ये आल्या होत्या. पण या लहरी तर अमेरिकेत २०१५ सालीच सापडल्या होत्या ना? मग नवे काय सापडले आणि खोडदने नेमके काय केले? (एक वाचक, जुन्नर तालुका)

उत्तर : १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी टिपलेली लहर सूर्याच्या साधारण तीसपट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना निघालेली होती आणि उपकरणांना ती जाणवली जेमतेम सेकंदाच्या पाचव्या भागापुरती. २९ जून २०२३ रोजी ज्यांचा पुरावा जाहीर झाला त्या लहरी त्याच जातीच्या असल्या, तरी त्यांचा एक हेलकावा पुरा व्हायलाच काही वर्षे लागतात. सूर्याच्या कोट्यवधी, अब्जावधी पट वस्तुमानाची कृष्णविवरे दीर्घिकांच्या केंद्रांत जोडीने एकमेकांभोवती संथपणे फिरतात आणि अशा असंख्य जोड्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून जत्रेतल्या कलकलाटासारखा एक सलग आवाज तयार होतो, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. लायगोच्या, लेसरने लांबीतला फरक टिपणाऱ्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांना काही प्रकाशवर्षे लांबीची लहर मोजता येणे शक्य नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातील घड्याळेच कामाला लावली.

ही घड्याळे म्हणजे पल्सार, म्हणजेच स्वतःभोवती गिरक्या घेणारे आणि दर गिरकीला रेडिओ लहरींचा एक ठोका पृथ्वीकडे पाठवणारे न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेले अतिशय घन गोळे). कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पल्सार शोधला आणि इतके वेगवान पल्सार अतिशय नियमित असतात हे हळूहळू लक्षात आले. मधल्या अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली की ते अवकाश किंचित ताणले किंवा आकसले जाते आणि ठोका ठरल्या वेळेच्या किंचित मागेपुढे पोहोचतो. हा फरक सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या कोटीव्या भागाएवढा असतो.

खोडदचे काम इथून सुरू होते. ताऱ्यांमधली जागा पूर्ण रिकामी नसून तिच्यात विरळ, विद्युतभारित वायू असतो आणि त्यातून येताना कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी जास्त वारंवारतेच्या लहरींपेक्षा मागे पडतात. वारंवारता निम्मी केली की उशीर चौपट होतो, असा याचा हिशेब आहे. खोडदहून नियमित पाहिल्या जाणाऱ्या, सेकंदाला ३३९ गिरक्या घेणाऱ्या एका पल्सारचे उदाहरण घेऊ. त्याचा एकच ठोका १४०० मेगाहर्ट्झवर आला की त्यानंतर जवळजवळ पाव सेकंदाने ४०० मेगाहर्ट्झवर येतो. जो फरक शोधायचा आहे त्याच्या सुमारे २५ लाख पट मोठा हा उशीर आहे! तो कायम तेवढाच राहिला असता तर एकदा वजा करून मोकळे होता आले असते. पण पृथ्वी आणि पल्सार दोन्ही सरकत असल्यामुळे मधला वायू बदलतो आणि उशीरही थोडाथोडा बदलत राहतो. युरोपातील मोठ्या दुर्बिणी हे वेध मुख्यतः वरच्या वारंवारतांवर घेतात, जिथे वायूचा परिणाम कमी आणि म्हणून मोजायलाही अवघड असतो. खोडदच्या ३० तबकड्यांचे गट पाडून एकाच वेळी खालच्या आणि वरच्या पट्ट्यांत तोच पल्सार पाहता येतो, त्यामुळे त्या दिवशी वायूने किती उशीर केला हे थेट कळते. माझ्या मते या शोधातला हा सर्वांत कमी कौतुक झालेला भाग आहे, कारण हिशेबातली अशुद्धता काढणाऱ्याचे नाव मथळ्यात येत नाही.

प्रश्न : खोडदच्या तबकडीला पत्रा नाही, नुसती जाळी आहे. तिच्यातून लहरी आरपार जात नाहीत का? (इयत्ता नववीची एक विद्यार्थिनी)

उत्तर : तबकडीखाली उभे राहून वर पाहिले तर बारीक तारांच्या जाळीतून आकाश स्वच्छ दिसते, म्हणजे प्रकाश खरोखरच आरपार जातो. ही जाळीची घरे मध्यभागी १० मिलिमीटरची आणि कडेला २० मिलिमीटरची आहेत, तर दुर्बिणीकडे येणाऱ्या लहरींची लांबी वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत आणि त्याहूनही अधिक असते. एवढ्या लांब लहरींना ती जाळी सलग पत्र्यासारखीच भासते आणि त्या परावर्तित होतात. वारा मात्र जाळीतून निघून जातो, त्यामुळे ४५ मीटर व्यासाच्या तबकडीचा सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. ही दुर्बीण ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली त्या गोविंद स्वरूप यांच्या काटकसरी अभियांत्रिकीचा हा नमुना आहे.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात होणारी वेधशाळाही हेच काम करणार आहे का? (एक वाचक, वसमत)

उत्तर : नाही. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तिथे अमेरिकेतल्याप्रमाणेच लेसरच्या साहाय्याने सेकंदाला दहांपासून हजारांपर्यंत हेलकावे घेणाऱ्या लहरी टिपल्या जातील. अमेरिकेपासून दूर असल्यामुळे लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे तिच्या मदतीने अधिक नेमके सांगता येईल. खोडदच्या वाट्याला येणाऱ्या लहरी तिला ऐकू येणार नाहीत.

प्रश्न : ठोका उशिरा येण्याचे कारण गुरुत्वीय लहरच आहे, दुसरे काही नाही, हे कशावरून? आणि हा शोध पक्का मानायचा का? (एक निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : एसटी स्थानकावर एकच गाडी उशिरा आली तर दोष त्या गाडीचा असतो, सगळ्या दिशांच्या गाड्या सारख्याच उशिरा आल्या तर स्थानकाचे घड्याळ पुढे गेले असावे. पल्सारांबाबतही असेच तपासतात. गुरुत्वीय लहरीची खूण मात्र या दोन्हींहून वेगळी आहे. आकाशात एकमेकांजवळ दिसणाऱ्या दोन पल्सारांचे ठोके एकाच बाजूला चुकतात (दोन्ही लवकर किंवा दोन्ही उशिरा), साधारण काटकोनात असलेल्यांचे विरुद्ध बाजूंना चुकतात आणि समोरासमोरच्या टोकांना असलेल्यांमध्ये पुन्हा थोडा मेळ दिसतो. कोनानुसार बदलणाऱ्या या मेळाचा आलेख हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ साली कागदावर मांडला होता आणि ४० वर्षांनी प्रत्यक्ष नोंदींमध्ये त्याचा आकार दिसू लागला.

‘दिसू लागला’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. भारत आणि युरोपच्या गटांनी मिळून २५ पल्सारांच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या अलीकडच्या सुमारे १० वर्षांच्या नोंदींत आढळलेला मेळ निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता साधारण हजारात एक निघते. अमेरिकी गटाचा पुरावा याहून काहीसा बळकट आहे. भौतिकशास्त्रात ‘शोध लागला’ असे म्हणायला ही शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी कमी असावी लागते. म्हणूनच या गटांनी आपल्या निबंधांत ‘पुरावा’ हा शब्द निवडला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा ‘शोध’ केला. वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून पाहण्याचे काम चालू आहे, पण ज्या लहरीचा एक हेलकावाच काही वर्षांचा आहे तिच्या बाबतीत खात्री वाढवायची तर तेच पल्सार आणखी काही वर्षे, न चुकता, पाहत राहावे लागतात.