सामू, क्षारता आणि ‘क्षार’ शब्दाचा घोळ

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आहे : ‘माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) 8.3 आणि क्षारता 0.42 आली आहे. सामू 7 च्या वर म्हणजे जमीन क्षारयुक्त ना? मग क्षारता एवढी कमी कशी?’

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. घोळ आहे तो ‘क्षार’ या शब्दात.

आयुर्वेदात क्षार म्हणजे वनस्पती जाळून, तिच्या राखेतून काढलेला दाहक पदार्थ. आघाड्याचा क्षार हे त्याचं ठळक उदाहरण. तो अर्थ हिंदीत टिकला. हिंदीत आम्लाच्या विरुद्ध तो क्षार, आणि मिठाच्या वर्गाला लवण. मराठी शालेय विज्ञानात मात्र आम्लाच्या विरुद्ध आम्लारी, पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क, आणि आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून पाण्यासोबत तयार होतो तो क्षार. अहवालातली ‘क्षारता’ या शेवटच्या अर्थाची आहे : मातीत विरघळलेले एकूण क्षार, विद्युत वाहकतेवरून मोजलेले. हिंदी व्हिडिओ पाहून मराठी अहवाल वाचला की गफलत ठरलेलीच.

सामू म्हणजे पीएच, आणि तो हायड्रोजन आयनांचं प्रमाण सांगतो. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही पट्टी मांडली. आयन जितके जास्त तितका आकडा लहान, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. त्यामुळे 7.3 आणि 8.3 या जमिनी एकमेकींच्या जवळच्या मानू नयेत.

स्वयंपाकघरात हे लगेच पडताळता येतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा : क्षारता भरपूर वाढते, सामू 7 च्या आसपासच राहतो. दुसऱ्या ग्लासात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका : क्षार थोडेच, पण सामू 8.3 च्या जवळ जातो.

शेतात या फरकाला पैशाची किंमत आहे. क्षार साचलेली जमीन खारवट. तिला निचरा आणि गोड्या पाण्याने धुणं हाच उपाय. सोडियम मातीच्या कणांना चिकटून सामू 8.5 च्या वर गेला, पाणी मुरेनासं झालं, तर ती चोपण. तिथे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि मग पाण्याने तो धुऊन काढावा लागतो. 8.3 आणि 0.42 ही जोडी बहुधा चुनखडीच्या जमिनीची. अशा जमिनीत कॅल्शियम आधीच मुबलक असतं, जिप्समच्या गोण्या टाकून सामू उतरत नाही. तिथलं खरं दुखणं लोहाच्या कमतरतेचं : कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. जमिनीतून नुसतं फेरस सल्फेट दिलं तर त्यातलं लोह लवकरच मातीत अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारं संयुग, एवढ्या सामूलाही टिकतं, ईडीटीए प्रकारचं टिकत नाही.

म्हणून ‘क्षारयुक्त’ हा मोघम शब्द टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सामू 7 च्या वर असेल तर विम्ल (आम्लाच्या उलट) म्हणा, क्षार जास्त असतील तर खारवट, सोडियम जास्त असेल तर चोपण. शेतकऱ्यांच्या तोंडचे खारवट आणि चोपण हे शब्द इथे पुस्तकी शब्दांहून नेमके आहेत.

जिप्सम आणण्याआधी त्याच नमुन्यात मुक्त चुना (मातीतली चुनखडी) आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) तपासून घ्या. कणांना चिकटलेल्या एकूण धन आयनांत सोडियम 15 टक्क्यांच्या वर निघाला, तरच चोपण म्हणता येईल.