देव पुरवतो असा विश्वास असेल, तर माणसांकडे मदत मागणं हा अविश्वास ठरतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांची नोकरी गेली, घराचा हप्ता तुंबायला आलाय, आणि प्रार्थनासंगतीत कोणीतरी सांगितलं की माणसांपुढे हात पसरला म्हणजे देवावर भरवसा नाही. शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं तिथेच अडलंय. नाही, ठरत नाही.

बायबलमधलं २ राजे, अध्याय ४ उघडा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आलाय. अलीशा संदेष्टा तिला विचारतो, घरात काय आहे? तेलाची एक बुधली, बाकी काही नाही. मग तो म्हणतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडकी आणू नकोस. म्हणजे चमत्काराच्या आधी त्या बाईला दारोदार जावं लागलं. सावकाराची भानगड आळीत कोणाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही, तरी ती गेली. भांडी भरल्यावर पुन्हा आज्ञा आहे: तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं पोट भरा. तेल देवाने वाढवलं, पण बाजारात नेऊन विकायचं काम तिच्याकडेच ठेवलं. कर्ज फेडायला सांगितलंय हेही ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

‘कोणाला सांगू नका, फक्त देवाला सांगा’ म्हणणारे बहुधा ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं उदाहरण देतात. त्याने अनाथाश्रमासाठी कोणाकडे पैसे मागायचे नाहीत असं ठरवलं होतं आणि आयुष्यभरात दहा हजारांवर मुलं सांभाळली, हे खरंच आहे. पण कर्ज काढायचं नाही हाही त्याचा तितकाच कडक नियम होता, आणि आश्रमाचे अहवाल तो छापून प्रसिद्ध करत असे. तो त्याने स्वतःपुरता केलेला निश्चय होता. तुमच्या घरावर तो आज्ञा म्हणून लादायचा अधिकार कोणाला नाही.

मला विचाराल तर आपल्याला पंडिता रमाबाई जवळच्या. म्युलरचं चरित्र त्यांनीही वाचलं होतं. आणि उपासमार त्यांना ऐकून माहीत नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मोठी बहीण गेली. त्या आणि भाऊ पायी वणवण करत राहिले. पुढे त्यांनी स्वतः लिहिलंय की घरात शास्त्रविद्या होती, पण पोट भरेल असं काम कोणी शिकलेलं नव्हतं, आणि मजुरी करायची किंवा भीक मागायची तर अभिमान आड यायचा.

रमाबाईंचं शारदा सदन, विधवा-मुलींसाठीची शाळा, १८८९ मध्ये मुंबईत निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलं होतं. मुदत कधीतरी संपणार हे ओळखून रमाबाईंनी केडगावला, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर, जमीन घेऊन फळझाडं लावली, पुढे त्यातून उत्पन्न यावं म्हणून. प्रार्थना करणारी बाई मुदतीचा हिशोबही करत होती! मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. इतक्या जणींना पुरेल एवढा पैसा हाती नव्हता. पुण्यात प्लेग, त्यामुळे एवढ्या जणींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा फळबागेसाठी घेतलेली तीच जमीन कामी आली. तिथे छपरं उभी राहिली आणि पुढे मुक्ती मिशन झालं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे प्रार्थना होत्या, तशा विहिरी, शेती, हातमाग, तेलघाणा आणि बायकांनी चालवलेला छापखानाही होता. आणि ती मुदत संपत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई स्वतः अमेरिकेला जाऊन पुढच्या मदतीची बोलणी करून आल्या. याला कोणाला अविश्वास म्हणायचं असेल तर म्हणो बापडे.

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही एक टोकाची चूक. तिच्या उलट टोकाचीही एक आहे आणि हल्ली तीच जास्त दिसते: ‘विश्वासाचं बी पेरा, शंभरपट मिळेल’. तुम्ही लिहिलंय की हप्त्याच्या पैशातून विशेष दान द्यायला सुचवलं गेलंय. देऊ नका. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेचा दाखला मिळेल तुम्हाला, तेव्हा मार्क १२ मधली त्याच्या लगेच आधीची वचनं वाचून दाखवा. विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर येशू तिथे कडाडून बोलला आहे. हप्ता हे तुमचं देणं आहे. ते बाजूला सारून दिलेल्या दानाला मी तरी विश्वास म्हणणार नाही.

आता कामाचं. हप्ता चुकण्याआधी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा. यजमानांचा पीएफ असेल तर नियमाप्रमाणे किती काढता येईल ते पाहा. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या वाटेला जाऊ नका. घरात काय आहे हा अलीशाचा प्रश्न दोघांनी कागद घेऊन बसून सोडवा: शिवणयंत्र, शिकवण्या घेण्याइतकं शिक्षण, भाड्याने देता येईल अशी खोली, काहीही. आणि मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मदतनिधीला कळवा. आमच्या मंडळीत तो हिशोब काही वर्षं माझ्याकडे होता. लोक फार उशिरा येतात, सोनं गहाण पडल्यावर, आणि मग निधीतली रक्कम व्याजातच जाते.

यजमानांना लोकांत बभ्रा नको आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. मग आधी पाळकांना एकट्यांनाच घरी बोलवा आणि यजमानांनाच बोलू द्या, तुम्ही बोलू नका. निधीतून मदत घेणाऱ्यांची नावं आमच्याकडे तरी सभेत वाचत नाहीत. तुमच्याकडची पद्धत काय आहे ते त्यांनी पाळकांना तोंडावर विचारून घ्यावं.