तलावात बुडालेलं यंत्र वर कसं काढतात?

प्रश्न: आमचं पाणी तपासायचं यंत्र दोर तुटून तलावात 10 मीटर खोल गेलंय. डायव्हर गढूळ पाण्यात ते शोधतात कसं?

उत्तर: आधी बोटीवरून सोनार (आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र दाखवणारं उपकरण) फिरवतात, जागा अंदाजे कळली की वजन बांधलेला दोर सोडतात आणि डायव्हर त्याच्याभोवती गोल फिरत हाताने चाचपतो, कारण गाळ एकदा उठला की टॉर्च असूनही स्वतःचा हात दिसत नाही. स्वतः उतरू नका प्लीज, ट्रेन्ड टीमच बोलवा. जड यंत्राला लिफ्ट बॅग (पाण्याखाली हवा भरायची पिशवी) बांधतात, 1 लिटर हवा साधारण 1 किलो उचलते. पण 10 मीटरवर भरलेली हवा वर येईपर्यंत पाण्याचा दाब कमी होऊन फुगून दुप्पट होते, ती व्हॉल्व्हने सोडत आणली नाही तर बॅग सुसाट वर जाऊन उलटते आणि यंत्र परत खाली, कधी खालच्या डायव्हरच्या अंगावरसुद्धा.