मसाला पॅकिंग मशीनच्या दारांना कोणता सेन्सर?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत आमचं मसाला पॅकिंगचं युनिट आहे. मशीनच्या चार दारांवरचे, दार उघडताच मशीन थांबवणारे लिमिट स्विच मिरचीपुडीने जाम होतात, धुताना आत पाणी जातं. म्हणून स्पर्शाविना चालणारे सेन्सर बसवायचे आहेत. एकाने साधा प्रॉक्झिमिटी, दुसऱ्याने मॅग्नेटिक, तिसऱ्याने आरएफआयडी (रेडिओ लहरींनी कोड वाचणारा) सुचवला. किमतीत बराच फरक आहे. काय घ्यावं?

उत्तर: साधा प्रॉक्झिमिटी नकोच. समोर धातू आला एवढंच त्याला कळतं. पत्र्याचा तुकडा चिकटवला की दार सताड उघडं ठेवूनही मशीन चालतं. साध्या रीड स्विचला (चुंबक जवळ येताच जुळणारा संपर्क) कुठलंही लोहचुंबक चालतं. कोडेड मॅग्नेटिक बरा, पण त्याच मॉडेलचं दुसरं मॅग्नेट खिशात असलं की तोही फसतो. आयएसओ १४११९ या दारांच्या इंटरलॉकच्या मानकात त्याचं कोडिंग ‘कमी’ धरतात. आरएफआयडीत सेन्सरसमोर दारावर बसणाऱ्या एकेका अ‍ॅक्चुएटरला वेगळा कोड असलेला प्रकार मिळतो. त्याचा सेन्सर दुसरा अ‍ॅक्चुएटर ओळखतच नाही. ‘उच्च’ कोडिंग म्हणजे हजाराहून अधिक वेगवेगळे कोड.

रोल बदलायला, सीलिंग जॉ (पाकीट चिकटवणारा तापता जबडा) साफ करायला जी दारं पाळीत अनेकदा उघडतात, तिथेच बायपासचा मोह होतो. त्या दारांना वेगळ्या कोडचा आरएफआयडीच घ्या. महिन्यातून एकदा उघडणाऱ्या मागच्या दाराला कोडेड मॅग्नेटिक चालेल, मात्र तो हाताला लागणार नाही असा आत बसवा आणि स्क्रू उलटे न फिरणारे वापरा. प्रेशर जेटने धुणार असाल तर आयपी६९के (जोरदार गरम पाण्याच्या फवाऱ्यातही टिकणारं रेटिंग) मागा, आणि तेच रेटिंग कनेक्टरलाही आहे का ते बघा.

पण खरेदीआधी मशीन थांबायला किती वेळ लागतो ते मोजा. हे सहसा कुणी करत नाही, आणि हात जातो तो इथेच. दारापासून धोक्यापर्यंतचं अंतर निदान थांबण्याचा वेळ गुणिले सेकंदाला १६०० मिलिमीटर एवढं हवं. सेन्सर, सेफ्टी रिले (सेन्सरचा इशारा तपासून मशीन थांबवणारा) आणि काँटॅक्टर (मोटरची वीज तोडणारा स्विच) यांचा वेळ धरून ०.२५ सेकंद लागत असतील तर ४०० मिलिमीटर. जॉ दारापासून ३०० वर असेल तर सेन्सर कितीही महाग घ्या, उपयोग नाही. मशीन थांबेपर्यंत दार लॉक करणारा इंटरलॉक लागेल. जॉ थांबला तरी तापलेलाच असतो आणि सिलिंडरमध्ये हवा राहते, म्हणून हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही त्याच सर्किटवर घ्या.

चारही दारांचे रीड संपर्क सिरीजमध्ये जोडून एकाच सेफ्टी रिलेला देऊ नका. एकेका दाराचे रिलेकडे जाणारे दोन वेगळे मार्ग, म्हणजे चॅनल असतात. समजा, दोन नंबरच्या दाराचा एक चॅनल शॉर्ट झाला. ते दार उघडताच रिलेला दोन चॅनलांतला फरक दिसतो आणि तो रिसेट होत नाही. मग कुणीतरी तीन नंबरचं दार उघडून बंद करतं, दोन्ही चॅनल नीट तुटून जुळतात, रिले रिसेट होतो आणि बिघाड झाकला जातो. पुढे दुसरा चॅनलही गेला की ते दार उघडं असताना मशीन चालू. म्हणून एकेका दाराला वेगळा इनपुट द्या, नाहीतर स्वतःची तपासणी करणारे, ओएसएसडी (बिघाड दिसताच स्वतः बंद होणाऱ्या) आउटपुटचे सेन्सर घ्या. दार बंद होताच मशीन सुरू होता कामा नये. रिसेट बटण बाहेर, जिथून आतलं सगळं दिसतं तिथे ठेवा.

प्रश्न: नवे सेन्सर बसवले, पण दार बंद असूनही मशीन अधूनमधून ट्रिप होतं. फिटर सेन्सर खराब असल्याचं सांगतो.

उत्तर: आधी बिजागऱ्या बघा. दार लोंबलं की अ‍ॅक्चुएटर खाली सरकतो. माहितीपत्रकात खात्रीचं अंतर १० मिलिमीटर असेल तर ५-६ वरच बसवा, उरलेलं दाराच्या हालचालीला राहू द्या. लोखंडी चौकटीवर आरएफआयडीचं अंतर घटतं. मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर घाला. दार सेन्सरवर आपटत असेल तर वेगळा रबरी स्टॉपर लावा. आणि कारण सापडेपर्यंत पॅनेलमध्ये जंपर (सेन्सर वगळून जोडलेली तार) टाकू देऊ नका.