स्विमिंग पूल मंजूर नकाशात आहे की नुसता माहितीपत्रकात?

प्रश्न: मी निपाणीचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. पत्नीचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितलेत. मुलगी मडगावला नोकरीला असते. तिथे आमच्या आवाक्यातला आणि माहितीपत्रकात स्विमिंग पूल दाखवलेला एकच फ्लॅट सापडला, ४३ लाखांचा. गेल्या वर्षभरात ९ लाख भरले. पावत्या आहेत, अ‍ॅग्रीमेंट झालेलं नाही. आता बिल्डर म्हणतो, पूल दुसऱ्या टप्प्यात होईल आणि तो वापरायला क्लबचे ३ लाख वेगळे. मसुदा पाठवलाय, आठवड्यात सही मागतात. नको असेल तर ‘घरगुती अडचणीमुळे बुकिंग रद्द’ असं लिहून द्या, पैसे देतो, असं ऑफिसातला माणूस म्हणाला. काय करू? गोव्याला खेटे घालायची ताकद नाही.

उत्तर: गुरुजी, ‘घरगुती अडचण’ हे शब्द कुठल्याही कागदावर लिहू नका. तसं लिहून दिलंत की बुकिंग तुम्ही आपल्या मर्जीनं मोडलं असा अर्थ होतो, आणि मग रक्कम कापून घ्यायला त्यांना वाट मिळते. तुम्ही मर्जीनं मोडत नाही. तुम्हाला पूल दाखवून पैसे घेतले आणि आता तो पुढच्या टप्प्यात ढकलतात, वर त्याचे वेगळे पैसे मागतात. रेरा कायद्याचं, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचं, कलम १२ नेमकं यासाठीच आहे. जाहिरात किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि आता त्याला बाहेर पडायचं असेल, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी लागते, भरपाईही मागता येते. म्हणून पत्रात ‘तुमच्या माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीमुळे कलम १२ खाली बाहेर पडत आहे’ असंच लिहा.

दुसरी तुमच्या बाजूची गोष्ट संचकाराची, म्हणजे आगाऊ रकमेची. नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंट झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे घ्यायचे नाहीत, असं कलम १३ सांगतं. ४३ लाखांचे १० टक्के म्हणजे ४ लाख ३० हजार, आणि तुमच्याकडून घेतले ९ लाख. इथे चूक त्यांची आहे, तेव्हा आठवड्याच्या मुदतीला घाबरू नका.

पण पत्र पाठवण्याआधी एक काम करा. गोवा रेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या तिथल्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा मुलीकडून काढून घ्या आणि त्यात पूल कुठे आहे ते बघा. तुमच्याच टप्प्याच्या नोंदणीतल्या नकाशात पूल असेल, तर तुम्हाला दाखवलेली सोय तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. सामायिक जागेच्या नकाशात फेरफार करायला बिल्डर सोडून बाकीच्या दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, हे कलम १४. मग सह्या न देता पूल मागत राहायचा मार्गही उरतो. पूल दुसऱ्या टप्प्याच्या नकाशात असेल, तर तो टप्पा कायद्यानं वेगळा प्रकल्प, वेगळी नोंदणी. तो उभाच राहिला नाही, तर तुमच्या अ‍ॅग्रीमेंटच्या जोरावर पूल मागणं फार अवघड.

त्या ३ लाखांचं तर मला फार वाईट वाटलं. प्रकल्पातल्या सामुदायिक सोयी कायद्याच्या व्याख्येत सामायिक जागेत येतात आणि त्या पुढे रहिवाशांच्या संघटनेच्या नावावर करून द्यायच्या असतात. क्लबची वर्गणी मागतात याचा अर्थ पूल ते स्वतःकडेच ठेवू पाहतात, आणि मग दरवर्षी वर्गणी वाढवली तर विचारणार कोण? शिवाय करात फटका बसतो. महानगराबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत चटई (कार्पेट) क्षेत्र आणि एकूण घेतलेली रक्कम ४५ लाखांपर्यंत असलेल्या बांधकाम चालू फ्लॅटला जीएसटी १ टक्का, त्यावर गेलं की ५ टक्के. या एकूण रकमेत सामायिक सोयींचे पैसेही धरतात. ४३ लाखांवर ४३ हजार होतात. ४६ लाखांवर २ लाख ३० हजार. हा हिशेब सीएला एकदा दाखवा, पण परवडणारं घर न परवडणारं कसं होतं ते यात दिसतं.

आता खेट्यांचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. तुम्ही भरलेली रक्कम ५० लाखांच्या आत आहे, म्हणून निपाणी ज्या जिल्ह्यात येते त्या बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच जाता येईल. ५ ते १० लाखांच्या दाव्याला शुल्क २०० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा रेंगाळू नका. मराठी कागदांची इंग्रजी किंवा कन्नड भाषांतरं जोडा. रेराची वाटही खुली आहे, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका. तुमची प्रकृती आणि अंतर बघता मी बेळगावच निवडीन. माहितीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर तो फोन विकू नका, मेसेज पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र त्याच्यासोबत द्यावं लागेल.

मसुदा इंग्रजीत आहे. आपल्याकडे शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, तर आपण दहा जणांकडून वाचून घेतो. हे वीस-पंचवीस पानी इंग्रजीही तसंच ओळ न ओळ वाचून घ्या. ‘सोयींमध्ये बदल करण्याचा हक्क राखून’ अशा अर्थाचं वाक्य त्यात असेल, तर त्यावर सही म्हणजे पुलावर पाणी.

आणि पैसे हातात आले की बांधकाम चालू असलेल्या घराच्या मागे पुन्हा लागू नका. बाईंच्या गुडघ्यांना पाणी आत्ता हवंय. भोगवटा दाखला मिळालेला तयार फ्लॅट बघा, त्यावर जीएसटी नाही. महिन्याचा देखभाल खर्च संघटनेच्या वहीतून विचारा, कारण थोड्या घरांच्या इमारतीत पुलाचा भार माणशी जास्त पडतो. शक्य झालं तर मे महिन्यात चोर्ला घाटातून उतरून स्वतः जा. पुलात पाणी आहे का, आत उतरायला रुंद पायऱ्या आणि धरायला दांडा आहे का, हे बाईंना सोबत नेऊनच बघा.