क्वीन्स बीस्ट्सची दोन औंसी नाणी: संच, खरेखोटेपणा आणि पांढरे ठिपके

तुमचे दोन प्रश्न आहेत: रॉयल मिंटच्या (ब्रिटनच्या टांकसाळीच्या) क्वीन्स बीस्ट्स मालिकेतील दोन औंसी चांदीच्या नाण्यांचा संच लावताना काय पाहावे, आणि हाती असलेल्या नाण्यावरचे पांढरे ठिपके कसे काढावेत.

ठिपके काढायला जाऊ नका. ही चांदी काळवंडण्यातली गोष्ट नाही. नाणे पाडण्याआधी चकत्या धुतल्या जातात. त्या द्रावणाचा उरलेला अंश चकती तापवताना पृष्ठभागात बसतो, असे त्याचे कारण मानले जाते. म्हणून चांदी उजळायच्या द्रवात बुडवूनही ठिपके जात नाहीत. चोळले, तर ठशाची मूळ झळाळी जाते आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. ठिपके असलेले नाणे विकता येते, घासलेल्याला संग्राहक हात लावत नाहीत.

आता संच. 1953 च्या राज्याभिषेकासाठी जेम्स वुडफर्ड यांनी घडवलेल्या दहा राजचिन्ही पशूंवर ही मालिका आधारली आहे. नाण्यांची रचना जोडी क्लार्क यांची. बुलियनमध्ये, म्हणजे धातूच्या मोलासाठी घेतल्या जाणाऱ्या साध्या नाण्यांत, 2016 ला इंग्लंडचा सिंह, 2017 ला ग्रिफिन (गरुडाच्या तोंडाचा काल्पनिक सिंह) आणि वेल्सचा लाल ड्रॅगन, 2018 ला युनिकॉर्न आणि काळा बैल, 2019 ला ससाणा आणि येल (शिंगांचा काल्पनिक पशू), 2020 ला मॉर्टिमरचा पांढरा सिंह आणि हॅनोव्हरचा घोडा, 2021 ला ग्रेहाउंड. दहाही पशू एकत्र असलेले 2021 चे समापन नाणे धरून एकूण अकरा. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचा क्रम वेगळा होता, तेव्हा त्या यादीवरून बुलियनची सालं जुळवू नका. दोन सिंहांत घोटाळा होतो: 2016 चा मुकुटधारी आहे, 2020 च्या सिंहाला मुकुट नाही आणि त्याच्या ढालीवर सूर्यकिरणांत पांढरे गुलाब आहे. 2022 पासूनची ट्यूडर बीस्ट्स ही निराळी मालिका आहे. तिच्यातही सिंह, बैल, येल आहेत, म्हणून जाहिरातीतले नाव नीट वाचा.

खऱ्या नाण्याचा व्यास 38.61 मिमी, जाडी साधारण 6 मिमी, दर्शनी किंमत 5 पौंड, शुद्धता 999.9. दोन ट्रॉय औंस म्हणजे 62.2 ग्रॅम, वजन त्याहून कमी भरता कामा नये, किंचित जास्त चालेल. त्याच मापाचे तांब्याचे नाणे 53 ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे वजन जुळवणारी नक्कल बहुधा जाड निघते. म्हणून कॅलिपर (जाडी मोजायचे साधन) आधी लावा.

खरी कसोटी घनतेची. 0.01 ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आकडा 5.93 ते 5.95 च्या दरम्यान हवा, कारण हा आकडा नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो आणि चांदीची घनता 10.49 आहे. तेवढ्याच वजनाचे तांबे 6.94 दाखवते. नाण्यावर हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो. ते झटकून पुन्हा मोजा. चुंबकाची चाचणी एकटी पुरत नाही, तांब्यावरही चुंबक सावकाश घसरतो.

कॅप्सूल (नाणे ठेवायची पारदर्शक डबी) घेताना फसगत होते ती जाडीत. रॉयल मिंटच्याच एक औंसी ब्रिटानिया नाण्याचा व्यासही 38.61 मिमीच असतो, पण तिची कॅप्सूल या नाण्याला उथळ पडते. खोल कॅप्सूलच मागवा. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळा, त्यांतून हिरवट चिकटा सुटतो. रबरबँड आणि लोकरही दूर ठेवा, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवेच.

विक्रीचा विचार आताच करा. गल्लीतला सराफ वजन आणि टंच पाहून भाव देईल, ससाण्याला की येलला किती मागणी आहे हे त्याच्या हिशेबात येणार नाही. प्रीमियम, म्हणजे चांदीच्या भावावर जादा रक्कम, देऊन घेतलेली नाणी संग्राहकांनाच विकावीत. ब्रिटनमध्ये राहत असाल, तर खरेदीवर 20 टक्के व्हॅट लागतो. मात्र ही वैध चलनी नाणी असल्याने तेथील रहिवाशांना विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही.