काचबिंदूचा थेंब, आईची धाप आणि लांब झालेल्या पापण्या

प्रश्न: आईला काचबिंदू आहे, वय ६८. आधी टायमोलॉलचे थेंब होते, दिवसातून दोनदा. ते घातले की तिला धाप लागायची. तिला जुना दमा आहे आणि डॉक्टरांना ते सांगायचं राहून गेलं होतं. आता लॅटानोप्रोस्ट दिलंय, रात्री एकच थेंब. चार महिन्यांत पापण्यांचे केस लांब आणि काळेभोर झालेत. आई म्हणते, दिसण्यात तर काहीच फरक नाही, मग कशाला घालायचं? एक थेंब डोळ्यातलं पाणी बाहेर कसं काढतो, आणि धाप नि पापण्यांचा याच्याशी काय संबंध?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आधी एक सांगते, हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. डोळ्याच्या आत सतत एक स्वच्छ द्रव तयार होत असतो, मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर, आणि तो बुबुळाच्या कडेला असलेल्या एका बारीक जाळीतून बाहेर जातो, अगदी मोरीच्या जाळीसारखा. जाळी तुंबली की पाणी अडतं, आतलं प्रेशर वाढतं (साधारणपणे ते १० ते २१ मिमी पारा असतं) आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरत जाते, दुखत नाही खुपत नाही, म्हणून तर कळतच नाही.

आता औषध काय करतं? पेशीवर रिसेप्टर असतात, म्हणजे दाराची बेलच समजा. औषध स्वतः पाणी ढकलत नाही, ते फक्त बेल वाजवतं आणि काम आतली पेशी करते. जाळीशिवाय पाण्याला अजून एक वाट आहे, आतल्या स्नायूच्या धाग्यांमधून मुरत जायची. लॅटानोप्रोस्ट या स्नायूतल्या प्रोस्टाग्लँडिनच्या (शरीरातच बनणारं, पेशींना निरोप देणारं एक रसायन) रिसेप्टरला जाऊन लागतं, मग पेशी अशी एन्झाइम्स बनवतात जी धाग्यांमधलं घट्ट कोलॅजन, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारं प्रथिन, सैल करतात, आणि पाणी जास्त मुरायला लागतं. जमीन भुसभुशीत केल्यावर पाऊस कसा मुरतो तसंच. प्रेशर तीन-चार तासांत उतरायला लागतं, सगळ्यात जास्त आठ ते बारा तासांनी, आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणून मध्येच चार दिवस सोडून बघू असं करू नका.

पापण्यांचं कोडंही यातच सुटतं. तोच रिसेप्टर पापण्यांच्या केसांच्या मुळाशीही असतो, तिथेही बेल वाजते आणि केस वाढतात. घाबरण्यासारखं काही नाही. थेंब घातल्यावर गालावर ओघळलेलं औषध मात्र लगेच टिपून घ्या, कारण त्याने कातडी काळवंडते.

टायमोलॉलचं वाचून मात्र मला खरंच काळजी वाटली. ते उलटं काम करतं, पाणी बनवणाऱ्या पेशींवरचे बीटा रिसेप्टर बंद करतं म्हणजे नळच बारीक करतं, औषध चांगलं आहे, पण बीटा रिसेप्टर श्वासनलिकांमध्येही असतात, आणि डोळ्यातला थेंब अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. तिथले रिसेप्टर बंद झाले की श्वासनलिका आवळतात, आणि दम्याच्या माणसाला धाप लागायला एवढंसंही पुरतं. आईंच्या फाइलवर पहिल्याच पानावर 'दमा आहे' असं ठळक लिहून ठेवा, डॉक्टर बदलले तरी ते दिसलं पाहिजे. कुठलाही थेंब घातला की डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबायचा, औषध डोळ्यातच राहतं.

अजून एक, हे कळकळीने सांगते. डोळा लाल झाला की मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब आईंना घालू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं. जाळीच्या पेशींमध्ये स्टेरॉइडचेही रिसेप्टर असतात, ते जागे झाले की जाळीत नको ते साचतं आणि प्रेशर चढतं, सगळ्यांचं नाही पण काचबिंदू असलेल्यांचं हमखास जास्त वेळा.

आणि आईंचं म्हणणं, की दिसण्यात फरक नाही. त्यांना सांगा, गेलेली नजर या थेंबाने परत येणार नाही, जी आहे ती टिकवायला तो आहे, त्यामुळे काहीच फरक न पडणं हीच आपल्याला हवी असलेली गोष्ट आहे. पुढच्या तपासणीला थेंब सुरू करण्याआधीचा आणि आताचा, दोन्ही प्रेशरचे आकडे कागदावर लिहून मागा, आणि तो कागद आईंच्या हातात द्या.